लालाखालचा निळा

शेडमध्ये सकाळचं ऊन तिरपं उतरतं आणि गाडीच्या उघड्या बरगड्यांमधून जमिनीवर पट्टे पाडतं. पत्रा उतरवलेली बस मी पहिल्यांदाच पाहत होते. सागवानी खांब, टप पेलणाऱ्या लाकडी कमानी. वाडा पाडता पाडता कुणाचा तरी हात थबकावा, तशी ती उभी. कित्येक वर्षं एका मळ्यात बिनचाकांची पडून होती. पोटात कांदे, खताची पोती, एकदा मांजरीची पिल्लं. अजूनही आत शिरलं की कांद्याचाच वास येतो.

मिस्त्री खांबांवर टिचक्या मारत फिरतात, माठ घेताना बाई मारते तशा. टणक वाजलं की पुढे. भद्द वाजलं की खडूची फुली. फुल्या बहुतेक खालच्या अंगाला. पाणी पत्र्यामागून ओघळतं, तळच्या लाकडावर मुक्काम करतं, आणि आतून पीठ झालं तरी वर रंग तकतकीत. "माणसाचंही तसंच," असं काही ते म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले, "ताई, उजेडातून सरका."

मग रंग खरवडायला घेतला. लाल निघाला. त्याखाली आणखी जुना, विटकरीकडे झुकणारा लाल. माझी एस.टी. याच लालातली: मे महिन्यातली, खिडकीच्या तापलेल्या गजाला गाल लावून बसलेली, डिझेल, मोगरा आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या पिकल्या आंब्यांच्या वासाने गच्च भरलेली, घाटात शिरली की आजीचा हात पाठीवर आणि कंडक्टरचा हात डोक्यावरच्या दोरीवर, त्या दोरीला दोन हिसके बसले की ड्रायव्हरजवळची घंटी दोनदा वाजणार आणि सगळं गाव मागे मागे सरकत जाणार.

ते सगळं आता जमिनीवर, लाल भुशात.

लालाखाली राखाडी अस्तर होतं आणि अस्तराखाली, नखाएवढ्या ठिपक्यात, निळा. गाडीचे मालक हरखले. १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली एस.टी. निघाली ती बेडफर्ड, लाकडी बॉडीची, काथ्याच्या सीटांची. त्या काळातल्या गाड्या निळ्याच, टप रुपेरी. पन्नासच्या दशकात पुणे–महाबळेश्वर मार्गावर नीलकमल आणि गिरिआरोहिणी नावाच्या दोन आरामगाड्याही होत्या, पडद्यांच्या, आत घड्याळ असलेल्या. नावंच अशी की तिकीट काढावंसं वाटावं. तेव्हा गाडी निळीच करायची, हे ठरलं. बरोबरच आहे. तरी मला वाटत राहिलं की तिचं बालपण तिला परत मिळतंय ते माझं खरवडून. लाल रंगाचा एक पापुद्रा मी गुपचूप पर्समध्ये ठेवला. घरी पोचेपर्यंत त्याचा चुरा झाला.

पण कड्या राहिल्यात. छताखाली ओळीने बसवलेल्या, दोरी ओवायच्या लोखंडी कड्या. मिस्त्रींनी एक काढून तळहातावर ठेवली. खालच्या बाजूने ती तारेइतकी बारीक झाली होती. लोखंड, आणि सुताच्या दोरीने झिजवलेलं! "बदलू?" त्यांनी विचारलं. मालक काही बोलायच्या आत मी नको म्हणाले.

आज रिबीटं मारायची होती आणि मदतनीस पोरगा आला नव्हता. बाहेरून हातोडी पडते तेव्हा आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरावा लागतो, नाहीतर रिबीट बसतच नाही. पत्र्याआड दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मी आत गेले, कांद्याच्या वासात गुडघे टेकले, ठोकळा धरला.

"तयार झालात की दोनदा वाजवा, ताई," पलीकडून आवाज आला.

मी बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा वाजवलं.