बाळाची यादी आणि निळे ड्रम

बाळ यायच्या आधी काय काय विकत घ्यायचं, याबाबत आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला आमच्या ऑफिसातला. कोणी 'गुड न्यूज' दिली की संध्याकाळपर्यंत मेलमध्ये एक एक्सेल शीट येऊन पडते. स्ट्रोलर, स्टरिलायझर, बेबी मॉनिटर, वाइप्स गरम करायचं यंत्र (हो, असतं असं!)... दुसरा पंथ आमच्या मुरबाडकडचा. बाळ हातात येईपर्यंत घरात साधं टोपडंही आणायचं नाही. विषय संपला.

मे महिन्यात आमच्याकडे बाळ येणार आहे. बायकोचं माहेर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे निदान दीड-दोन महिने मुक्काम तिकडेच. त्यामुळे सध्या मी दोन्ही पंथांच्या मध्ये लोंबकळतोय.

दुसऱ्या पंथाला हसावं असं मला वाटत नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२३ सालचा आकडा आहे २५. आमच्या आज्यांनी रिकामे पाळणे बघितलेत हो! आधी आणलेलं झबलं तसंच घडी घालून ठेवायची वेळ कोणावर येऊ नये, एवढंच त्या रिवाजात आहे. आणि विकत आणायचं नाही म्हणजे तयारी करायची नाही असंही नाही. आईने मागच्याच महिन्यात ट्रंकेतून जुनी सुती लुगडी काढली. शंभरदा धुतलेलं कापड, त्यातली खळ गेलेली, सुटायचा तेवढा रंग सुटलेला. त्याची दुपटी आणि लंगोट. 'ऑरगॅनिक कॉटन' म्हणून मॉलमध्ये जे विकतात ते हात लावून बघा आणि मग बोला.

पण दोन्ही याद्यांमध्ये एक गोष्ट कुठेच नव्हती. पाणी!

नवजात बाळ दिवसाला सहज दहा-बारा लंगोट करतं. शिवाय दुपटी, आईचे कपडे, बाळाला घेणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुणं. ऑफिसातली शीट बनवणाऱ्याच्या नळाला चोवीस तास पाणी आहे. ते येतं कुठून? मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसा धरणातून जातं, आणि भातसा आहे शहापूर तालुक्यात. तानसाही तिथलंच, १८९२ पासूनचं. आणि एप्रिल-मे उजाडला की त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत! सासूबाईंच्या गावची विहीर मेमध्ये तळ गाठते. तेव्हा बाळाची पहिली खरेदी ठरली ती दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम, झाकणासकट. झाकण हवंच, नाहीतर डासांची शाळा भरते. ड्रम बाळाचे नाहीत, घराचे आहेत, असं म्हटल्यावर आईचीही हरकत उरली नाही!

"मग डायपरच वापर ना," असं एक मित्र म्हणाला. पण गावात घंटागाडी येत नाही राव. वापरलेला डायपर जाणार कुठे? ओढ्यात, नाहीतर उकिरड्यावर. त्यात मेच्या उकाड्यात दिवसभर तो बांधून ठेवला तर बाळाला पुरळ उठणार. म्हणून एकच पाकीट, रात्रीसाठी आणि दवाखान्यात जाता-येता.

खरं लागतं किती कमी, हे बघायचं तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यांच्याकडे वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला ऊब द्यायची पिशवी, श्वास द्यायचं साधं उपकरण आणि थोडी औषधं असायची. नवजात बालमृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. हे वाचल्यावर बेबी मॉनिटर माझ्या यादीतून आपोआप उडाला आणि डिजिटल थर्मामीटर आला. बाळाचं तापमान ९७.७ फॅरनहाइटच्या खाली किंवा ९९.५ च्या वर गेलं तर डॉक्टरकडे. वजनाची काळजी नाही, आशाताई बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येऊन करतात.

राज्य सरकारनेही २०१९ साली पहिल्या बाळासाठी साधारण दोन हजार रुपयांचं किट द्यायला सुरुवात केली होती. कपडे, छोटी गादी, मच्छरदाणी, थर्मामीटर, नेलकटर असं सगळं. मूळ कल्पना फिनलंडची, तिथे १९३८ पासून आईला असा खोका मिळतो. ऑफिसातल्या शीटपेक्षा ही यादी केव्हाही शहाणी.

बाटली आणि दुधाचा डबा मात्र आधीपासून आणून ठेवायचा नाही, यावर बायको ठाम आहे. घरात असलं की "रडतंय, दे थोडं" असं म्हणणारी दहा तोंडं जमतात. १९९२ च्या कायद्याने या दोन्हींच्या जाहिरातीला बंदी आहे, ती उगाच नाही. काजळही नको, त्यात शिसं असू शकतं. सासूबाईंना मेमध्ये बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची आहे. ती बोलणी अजून चालू आहेत... असो.

राहता राहिली गाडी. शहापूर-किन्हवली-सरळगाव-मुरबाड हा रस्ता दिवसा ठीक आहे. पण रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या आणि पुढे कल्याणला न्यायला सांगितलं तर? १०२ आणि १०८ आहेतच, पण घराच्या मागच्या बाजूला गेल्याशिवाय मोबाइलला रेंज येत नाही. म्हणून गावातल्या तीन गाडीवाल्यांचे नंबर खडूने भिंतीवर लिहिलेत, आणि तिघांनाही एकदा प्रत्यक्ष भेटून आलोय. त्यातला एक लग्नसराईत रात्री वऱ्हाड सोडायला जातो. त्याच्या मेमधल्या तारखा सासरेबुवा आता कॅलेंडरवर खुणा करून ठेवतायत.

ड्रम शनिवारी टेम्पोने निघतील.