मारायला किती हवेत?

पहिली-दुसरीच्या वर्गात मी सर्वांत जास्त खेळवते तो चल्लस आठ. सामान काहीच लागत नाही. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुल्या मारायच्या. चार चिंचोके एका बाजूने पांढरे होईस्तोवर फरशीवर घासायचे (हे काम पोरं फार मन लावून करतात). सोंगट्या म्हणून बटणं, खडे, बांगडीचे तुकडे, काहीही. जितके पांढरे वर तितकं दान. चारही पांढरे पडले तर चल्लस, सगळे काळे पडले तर आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा खेळायला मिळतं. बाहेरची 16 घरं एका दिशेने, मग आतली 8 उलट दिशेने, मग मधलं घर. गावागणिक नियम थोडे बदलतात, त्यावरून भांडणंही होतात.

बाजारात गणिताचे खेळ पुष्कळ मिळतात. त्यांतल्या बऱ्याच खेळांत आधी गणित सोडवायचं आणि मग फासा टाकायचा असतो, म्हणजे गणित हा टोलनाका. पोरांना ते लगेच कळतं आणि ती उत्तराची चोरी शिकतात. चल्लस आठमध्ये गणित वगळलं तर खेळायला काही उरतच नाही.

नवीन मूल आधी आपण बसलोय तेच घर ‘एक’ म्हणून मोजतं. मला बोलावंच लागत नाही, समोरचा भिडू इतक्या जोरात ओरडतो की पुढच्या डावापर्यंत ते सुटतं. चल्लस पडून वर तीन आले, तर सुरुवातीला सोंगटी चार घरं टुकूटुकू जाते, मग तीन. काही आठवड्यांनी बोट हवेतच चार घरं ओलांडतं आणि पुढे ‘पाच, सहा, सात’ पुटपुटतं. नंतर एकदम सात. मी बघते ते एवढंच, बोट कधी थांबतं ते. उत्तर बरोबर आलं का, हे त्यापुढे गौण आहे.

वजाबाकी मात्र सूडातून येते. आपली सोंगटी मेली की पोराचा चेहरा बदलतो, आणि ‘त्याला मारायला किती हवेत?’ हा प्रश्न वहीतल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा कळकळीने सोडवला जातो. मागून येणाऱ्यापासून आपण किती घरं लांब आहोत, हेही मग आपोआप मोजलं जातं. एकदा दुसरीतली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “त्याच्या पुढे दोन घरांवर थांबू नको गं, दोनच सारखे पडतात.” चिंचोक्याच्या दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर चार चिंचोक्यांच्या 16 प्रकारांपैकी 6 प्रकारांत दोन पांढरे येतात. तिला ते निव्वळ बघून कळलं होतं.

‘जो आधी सांगेल त्याचा गुण’ असले खेळ मी घेत नाही. त्यात तीन पोरं खेळतात आणि बाकीची गप्प बसायला शिकतात. इथे पाळी प्रत्येकाची येते, आणि दान चांगलं पडलं तर सावकाश मोजणाराही जिंकतो. “बाई, शाळेत नुसते खेळच का?” असं विचारायला आलेल्या आजींना मी पटावर बसवते. त्या लहानपणी खेळलेल्या असतात. मग त्यांनाच उठवावं लागतं.

सध्या वर्गात सहा चिंचोक्यांची टूम निघाली आहे. सगळे काळे पडले तर किती, यावर बराच वाद झाला आणि ‘चारला आठ, तर सहाला बारा’ असं ठरलं. एवढं मोठं दान पडायचं तर पटही मोठा हवा, म्हणून त्यांनी सहा बाय सहाचा आखला. पण त्यात मधोमध घरच येईना. पुसला. पाचाचा येतो, सहाचा का नाही, यावर एक अख्खी मधली सुट्टी गेली आणि शेवटी सातचा आखून झाला.