नायकाच्या हातात कोणती बंदूक?

चित्रपटातली बंदूक ओळखायची असेल तर नळीकडे बघू नका, चापाच्या वर काय आहे ते बघा. लांबून नळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. बार पेटतो कसा, यात बंदुकीची खरी ओळख असते. तोडा आहे की गारगोटी, टोपी आहे की काडतूस? काडतूस असेल तर ते आत कसं जातं, बोल्ट मागे ओढून की चापाखालची दांडी खाली ढकलून? एवढं दिसलं की बंदूक कोणत्या जमान्यातली हे बहुतेक वेळा सांगता येतं, आणि चित्रपटातला काळ त्याच्याशी जुळतो की नाही हेही.

नोकरीत असताना माझं काम याच्या उलट होतं. बंदूक समोर नसायची, पंचनाम्यासोबत सीलबंद पाकिटातून रिकामी पुंगळी यायची. तिच्या बुडावर घोड्याच्या टोकाची जी खूण उमटते, ती सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्या पुंगळीशी जुळवायची. गोळीवर नळीतल्या आट्यांचे ओरखडे असतात, ते मोजायचे. पडद्यावर यातलं काहीच हाती लागत नाही. तिथे फक्त आकार असतो, तोही दोन-तीन सेकंद. म्हणून मी चित्रपट थांबवून थांबवून बघतो. घरच्यांना त्याचा त्रास होतो, पण आता त्यांनाही सवय झाली आहे.

निवृत्तीनंतर मी हिंगणीला राहतो. बोर धरण आणि व्याघ्र प्रकल्पाचं जंगल इथून जवळच. जंगलाला लागून शेती असलेल्या आमच्या भागात जुन्या माणसांना बंदूक म्हटली की भरमार आठवते. रानडुक्कर आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून राखणदाराकडे असायची ती, ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. शेवटी निपलावर तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा चढवायचा. बार झाला की पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि काही क्षण समोरचं काहीच दिसत नाही. जनावर पडलं की पळालं, हे धूर विरल्यावर कळणार. दुसरा बार भरायचा तर सगळं पहिल्यापासून. हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याला इतिहासपट वेगळा दिसतो.

गावातली मुलं 'पावनखिंड' (2022) बघून आली तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, मावळ्यांनी बंदुका काऊन नाही चालवल्या जी?" प्रश्न अगदी रास्त आहे. शिवकाळात बंदुका भरपूर होत्या. कोकणातले हेटकरी नेमबाजीसाठी नावाजलेले होते. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरचे इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन आले होते. पण त्या काळची बंदूक तोड्याची. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, म्हणजे तोडा, एका टोकाला सतत धुमसत ठेवायचा. चाप ओढला की ते जळतं टोक कानातल्या रंजकीवर टेकतं, रंजक पेटते आणि मग आतली दारू. आता खिंडीतल्या लढाईची तारीख बघा: 13 जुलै 1660. सह्याद्रीतला आषाढ. पावसात तोडा विझतो आणि रंजक ओली होते. धुवाधार पावसात रात्रभर पळत आलेल्या माणसाच्या हातात तोड्याची बंदूक म्हणजे निव्वळ ओझं. त्या दिवशी खिंडीत तलवारीवरच भिस्त ठेवावी लागणार होती. दिग्दर्शकाने तलवार शोभेसाठी दाखवली असं कुणी म्हणत असेल तर त्याने तारीख पाहावी.

कोंढाण्याचंही तसंच. 4 फेब्रुवारी 1670, म्हणजे पावसाळा नाही, पण रात्र. धुमसत्या तोड्याचं लाल टोक अंधारात लांबून दिसतं आणि सोऱ्याचा जळका वास वाऱ्यावर पुढे जातो. कड्यावर चोरपावलांनी चढणाऱ्यांनी पेटते तोडे बरोबर न्यावेत कसे? 'तान्हाजी' (2020) या चित्रपटात कथेसाठी एक प्रचंड तोफ आणली आहे. ती कल्पना म्हणून मी मान्य करतो. पण त्या रात्रीचं खरं नाट्य बंदूक नसण्यात आहे, असं मला वाटतं.

मी हे सगळं एवढं मनावर घेतो याचं कारण आहे. चुकीची बंदूक हातात दिली की माणसाचं शौर्य कमी होतं. प्रेक्षकाला ते कळत नाही, पण होतं.

मंगल पांडे यांचंच घ्या. 1857 म्हटलं की एनफिल्ड रायफल आणि चरबीची काडतुसं आठवतात. ते बरोबरच आहे, कारण संतापाचं मूळ त्या काडतुसांतच होतं. पण ही नवी पॅटर्न 1853 एनफिल्ड तेव्हा डमडम, अंबाला आणि सियालकोट इथल्या प्रशिक्षण केंद्रांत शिकवली जात होती. बराकपूरच्या पलटणीच्या हाती अजून जुनी, गुळगुळीत नळीची मस्केट होती. 29 मार्चला मंगल पांडे यांनी सार्जंट-मेजर ह्यूसनवर झाडलेली गोळी चुकली. लेफ्टनंट बॉ घोड्यावरून आला, तेव्हा गोळी त्याच्या घोड्याला लागली. बॉने पिस्तूल झाडलं, तेही चुकलं. मग मंगल पांडे तलवार घेऊन पुढे झाले, कारण काडतूस फाडून, दारू ओतून, गज ठासून पुन्हा बार भरायला पंधरा-वीस सेकंद लागतात आणि तेवढा वेळ समोरचा देत नसतो. मस्केटची ही अडचण ठाऊक नसेल तर तलवार उगाच नाटकी वाटते.

उठाव दडपल्यावर इंग्रजांनी जे केलं ते माझ्या मते हिंदुस्थानच्या लष्करी इतिहासातलं सर्वांत बोलकं पान आहे. देशी पलटणींसाठी त्यांनी पॅटर्न 1858 काढली. बाहेरून थेट एनफिल्ड, पण नळी आतून गुळगुळीत. आटे नाहीत, म्हणून गोळीला फिरकी नाही, म्हणून लांबवर नेम नाही. पुढे ते धोरणच झालं. गोऱ्या शिपायाच्या हाती नवी रायफल आली की त्याची जुनी देशी शिपायाला. गोऱ्याकडे मार्टिनी तेव्हा देशी माणसाकडे स्नायडर, गोऱ्याकडे ली-मेटफर्ड तेव्हा देशी माणसाकडे मार्टिनी. पडद्यावर गोऱ्या पलटणीतला शिपाई आणि देशी पलटणीतला शिपाई शेजारी उभे असतील, तर मी आधी त्यांच्या बंदुकांतलं हे अंतर शोधतो.

म्हणूनच 'केसरी' (2019) ज्या लढाईवर आहे ती सारागढी, 12 सप्टेंबर 1897, नीट समजून घ्यायची तर मार्टिनी-हेन्री समजून घ्यावी लागते. चापाखाली एक दांडी असते. ती खाली दाबली की वरचा ठोकळा उतरतो, पुंगळी बाहेर पडते. एक काडतूस हाताने आत सरकवायचं, दांडी वर घ्यायची, नेम धरायचा. एक बार, एक काडतूस. काळी दारू असल्यामुळे प्रत्येक बाराला धूर. नळी एवढी तापते की लाकडी भागाबाहेर हात लावता येत नाही. छत्तिसाव्या शीख पलटणीचे एकवीस जण सकाळपासून दुपार टळेपर्यंत अशा बंदुकांनी हजारोंना अडवून धरत होते. त्यांच्या हाती खटाखट बोल्ट ओढणारी, दहा काडतुसांची रायफल दिली तर तो दिवस सोपा होऊन जातो. बोल्टवाली ली-एनफिल्ड दिसली तर तिचं नाकही बघा. तोंडाशी बोथट, नळी लाकडातून जेमतेम बाहेर डोकावणारी असेल तर ती विसाव्या शतकातली. एकोणिसाव्या शतकातल्या लांब ली-मेटफर्डची नळी लाकडाच्या पुढे स्पष्ट दिसेल इतकी निघालेली असते.

स्वातंत्र्यलढ्यावरच्या चित्रपटांत .303 ली-एनफिल्ड सर्रास दिसते आणि ते योग्यच आहे. पण काही वेळा ती .303 नसतेच. 1962 च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने त्याच ठेवणीची 7.62 मिलिमीटरची रायफल काढली, ती 2ए. लांबून दोघी जुळ्या. फरक चापाच्या पुढे लटकणाऱ्या मॅगझीनमध्ये. .303 ची मॅगझीन तळाशी तिरकी असते, 2ए ची डब्यासारखी चौकोनी. 1942 च्या प्रसंगात शिपायाच्या रायफलीखाली चौकोनी डबा दिसला की ती बंदूक वीस वर्षं आधी जन्मली म्हणायची.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो बहुतेक नंतर स्टुडिओत चढवलेला असतो. एक मात्र ध्यानात ठेवा. ग्लॉक पिस्तुलाला बाहेर घोडा नसतो. पडद्यावर कुणी ग्लॉक रोखलं आणि घोडा चढवल्याचा खटका ऐकू आला, तर तो दुसऱ्याच पिस्तुलाचा.

अलीकडच्या काळातलं उदाहरण द्यायचं तर मन जड होतं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला, तेव्हा छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती .303 आणि लाठ्या होत्या. समोर एके-47. नळीच्या वर गॅसची दुसरी नळी, खाली वाकडी मॅगझीन, तीस काडतुसं, चाप दाबून धरला की मॅगझीन काही सेकंदांत रिकामी. .303 चा प्रत्येक बार झाल्यावर बोल्ट हाताने वर उचलून, मागे ओढून, पुढे ढकलून बंद करावा लागतो. या हल्ल्यावर 'द अटॅक्स ऑफ 26/11' (2013) सारखे चित्रपट निघाले. ते बघताना माझी नजर अतिरेक्यांच्या शस्त्रांवरून पोलिसांच्या हातांकडे वळते. कॅमेऱ्याने त्या जुन्या रायफलीवर, त्या बोल्टवर थोडं थांबावं असं मनापासून वाटतं. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर पोलिसांतल्या तुकाराम ओंबळे यांनी ज्या बंदुकीची नळी धरून ठेवली ती एके-47 होती. तिची गोळी इतक्या जवळून काय करते ते मी नोकरीत पाहिलं आहे. ओंबळे यांच्या हातात लाठी होती.

आणि आमच्या बोरच्या जंगलाशी निगडित एक गोष्ट. वाघाच्या चित्रपटांत बेशुद्धीची बंदूक रायफलीसारखी धाडकन वाजते आणि वाघ तिथेच कोसळतो. प्रत्यक्षात या कामाच्या बऱ्याच बंदुका दाबाखालच्या वायूवर चालतात, आवाज फुस्सकन होतो. तिच्यातून निघते ती औषध भरलेली सुई, मागे रंगीत गोंडा लावलेली. ती गोळीच्या मानाने खूपच हळू जाते, म्हणून डॉक्टरला वाघाच्या बरंच जवळ जावं लागतं. सुई लागल्यावर औषध चढायला बरीच मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ बिथरलेला, पुरता शुद्धीत असलेला वाघ झुडपात कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. वनरक्षक हातात काठी घेऊन त्याच झुडपाभोवती उभे असतात. चित्रपटवाल्यांनी धाडकन आवाज काढून टाकला आणि ती मिनिटं पडद्यावर ठेवली, तर त्यांना वेगळा थरार शोधावा लागणार नाही.