सड्यावरचे गवत

मालवणला येणारा पाहुणा किल्ला पाहतो, माशाचे जेवण जेवतो आणि परत फिरतो. तुम्ही मात्र एखाद्या भाद्रपदात कुंभारमाठच्या बाजूने वर चढा आणि कातळसड्यावर जरा उभे राहा. खाली माडांच्या बागा, वर जांभ्या दगडाचा सपाट माळ आणि त्यावर गुडघाभर हिरवे गवत. अशा मुलखात वैरणीचा तुटवडा असेल, हे कोणाला खरे वाटणार नाही. पण मार्गशीर्ष उजाडला की हाच सडा पिवळा पडतो, माघात वणव्याने काळा होतो, आणि चैत्रात गाय विकायची की घाटावरचा पेंढा विकत आणायचा, हा प्रश्न दारात उभा राहतो. कितीतरी गोठे त्यापायी रिकामे झाले.

इथे पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कातळावर माती कुठे वीतभर, कुठे चार बोटे. त्यामुळे गवत घाईचे. पाऊस सरता सरता फुलते, बी टाकते आणि काडी होऊन बसते. आपण ते कापतो भातझोडणी उरकल्यावर. तोवर कस गेलेला असतो आणि कुसळे गुरांच्या तोंडात रुततात. फुलोऱ्यावर कापा, असे मी नेहमी सांगतो. ‘तेव्हा पाऊस असतो, वाळवू कुठे?’ हा तुमचा सवालही खरा आहे. उघडीप मिळेल तेवढे तरी कापा आणि मांगराच्या माळ्यावर पसरा.

वैरणीची ही चिंता कोकणात जुनी आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या छावणीतील अंमलदारांना पत्र लिहिले होते. साठवलेले दाणे नि गवत आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात पळवून गवत पेटवील, असा त्यातला आशय. घोडदळ गेले, गंजी आणि आग तशीच आहे. पाऊस संपताच गवताभोवती दहा-बारा फुटांची जाळरेषा साफ करा.

आता बियाण्याचे. एका वाडीत मी हे बोलू लागलो तशी एक आजी हसली, “गवत खय कोण पेरता काय ओ? ता देव पेरता!” देव पेरतो ते खरे, पण निवड आपण करायची. नोकरीच्या सुरुवातीला मी हौसेने देशावरून अंजन गवताचे बी आणून सड्यावर पेरले. ते कोरड्या मुलखातले गवत. श्रावणापर्यंत त्यातले निम्मे कुजले, निम्मे वाहून गेले. चूक माझीच.

सड्यावरच्या आंबट, हलक्या मातीत स्टायलो चांगला धरतो. तो गवत नव्हे, शेंगवर्गीय चारा आहे, म्हणून दुभत्या गुरांना अधिक पोषक. गुंठ्याला ५० ते ६० ग्रॅम बी पुरते. त्याचे कवच कठीण. उकळून उतरवलेल्या, थोड्या निवलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून मग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. माडाच्या सावलीत गिनी गवत लावा. त्याचे ताजे बी काही महिने झोपलेलेच असते, म्हणून ठोंब लावणे सोयीचे. पाणथळ कोपऱ्याला पॅरा गवताची कांडी टोचा.

गवताचे बी घेताना पुडी फुगलेली पाहून भुलू नका. त्यात पोकळ भुसा फार. चिमूटभर तळहातावर चोळा, आत दाणा लागतो का पाहा. शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून किती मोडतात ते मोजा. मृगाच्या पहिल्या सरींनी माती भिजली की बी ओलसर मातीत कालवून उताराला आडव्या ओळींत टाका, वर नखभरच माती. आषाढाची झड लागल्यावर पेराल तर बी खाडीत जाईल.

सगळा सडा एकदम धरू नका. गोठ्याजवळचे पाच गुंठे पुष्कळ झाले. पहिल्या वर्षी त्यात गुरे सोडायची नाहीत, कापूनच घालायचे. आणि बी आणण्यापूर्वी गडग्याला कुठे खिंड पडली असेल तर ती बुजवा. शेजाऱ्याची म्हैस तिथूनच येते.