निम्मं नाव दुसऱ्याचं

प्रिय मित्रा,



तुझं पत्र मिळालं. फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यतींतला जगज्जेता संघाचा मालक झाला की त्याची पुण्याई पाच-सहा वर्षांत संपते, असं तू ठामपणे लिहिलं आहेस आणि पुराव्यादाखल अलँ प्रोस्टचं नाव पुढे केलं आहेस. प्रोस्टबद्दल माझा तुझ्याशी वाद नाही. चार जगज्जेतेपदं आणि ५१ विजय नावावर असलेल्या या माणसानं १९९७च्या सुरुवातीला लिजिए हा जुना फ्रेंच संघ विकत घेतला आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. जानेवारी २००२मध्ये त्या संघाला टाळं लागलं. पाच हंगामांत एकही शर्यत जिंकता आली नाही, २००० साली तर एकही गुण मिळाला नाही. पण त्याच पत्रात जॅक ब्रॅबमला तू दोन ओळींत निकालात काढलंस: १९६६ साली बाकीच्यांची इंजिनं तयार नव्हती, त्याचं नशीब चांगलं, म्हणून तो अपवाद. हे मला पटलेलं नाही. स्वतःचं नाव असलेल्या गाडीतून जगज्जेता झालेला तो आजवरचा एकमेव ड्रायव्हर आहे आणि हे नशिबानं घडलं असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. माझ्या मते ब्रॅबम मालक म्हणून यशस्वी झाला, कारण आपल्या नावाच्या गाडीवर आपली हुकमत कुठे थांबवायची हे त्याला कळत होतं, आणि नंतरच्या बहुतेक जगज्जेत्यांना ते कळलं नाही.

त्याची घडण कशी झाली ते आधी पाहू. १९२६ साली सिडनीजवळच्या हर्स्टव्हिलमध्ये एका भाजीविक्रेत्याच्या घरी तो जन्मला. युद्धकाळात ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात गेला तो वैमानिक व्हायला, पण झाला विमानांचा मेकॅनिक. १९४६ साली बाहेर पडल्यावर त्यानं लेथ आणि दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप टाकलं आणि मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या मिजेट गाड्या आधी बांधल्या, मग चालवल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. १९५५ साली तो इंग्लंडला गेला आणि सर्बिटनच्या कूपर कारखान्यात इतका रुळला, की त्या वर्षीच्या ब्रिटिश ग्रां प्रीसाठीची गाडी त्यानं तिथे स्वतःच जुळवून उभी केली. कूपरच्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या मागे असे. पुढे इंजिन असलेल्या गाड्यांचा जमाना संपवणाऱ्या या लहानशा कारखान्यासाठी ब्रॅबमनं १९५९ आणि १९६० अशी सलग दोन जगज्जेतेपदं मिळवली. पहिलं विजेतेपद पक्कं झालं ते सीब्रिंगला: शेवटच्या फेरीत पेट्रोल संपलं, तेव्हा त्यानं गाडी ढकलत रेषेपार नेली आणि चौथा आला. पण या काळातली दुसरी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. कूपरच्या सस्पेन्शनमध्ये काय बदल करावेत, याबद्दल तो सिडनीतल्या रॉन टॉरनॅक या मित्राला पत्रं लिहून विचारत होता. जगातला सर्वांत वेगवान ड्रायव्हर होण्याच्या वाटेवर असताना, आपल्याला जे नीट येत नाही ते कुणाला येतं याचा शोध त्यानं आधीच घेतलेला होता.

१९६० साली टॉरनॅक इंग्लंडला आला. दोघांनी मिळून मोटर रेसिंग डेव्हलपमेंट्स ही कंपनी काढली. सुरुवातीची गाडी फॉर्म्युला ज्युनियरची होती, म्हणजे होतकरू ड्रायव्हरला विकत घेता यावी अशी. तिला आणि पुढच्या गाड्यांना बीटी आणि पुढे क्रमांक अशी नावं मिळाली: ब्रॅबमचा बी आणि टॉरनॅकचा टी. दोन जगज्जेतेपदं मिळवलेल्या माणसानं स्वतःच्या नावाच्या गाडीत निम्मी अक्षरं अशा एका भागीदाराला दिली, ज्याचं नाव तेव्हा युरोपात कुणालाही माहीत नव्हतं. याला सौजन्य म्हणून बाजूला सारू नकोस, ती कामाची वाटणी होती. आराखडा टॉरनॅकचा, गाडी रस्त्यावर काय करते हे सांगायचं आणि गिऱ्हाईक आणायचं काम ब्रॅबमचं. लोटस या प्रतिस्पर्धी संघानं १९६२पासून पत्र्याची मोनोकॉक बांधणी आणली, तरी टॉरनॅक बरीच वर्षं नळ्यांच्या सांगाड्यालाच धरून राहिला. हा जुनाटपणा होता असं म्हणता येईल, पण छोट्या संघाच्या मेकॅनिकला वाकलेली नळी कापून दुसरी वेल्ड करता येते. साठच्या दशकात एकआसनी रेसिंग गाड्या विकणाऱ्या कारखान्यांत त्यांचा कारखाना आघाडीवर राहिला तो या विचारानं. गाड्यांच्या विक्रीचा हा आधार प्रोस्टला कधी मिळाला नाही. त्याचा संघ पुरस्कर्त्यांच्या पैशावर आणि इंजिन देणाऱ्या बड्या कंपनीच्या मर्जीवर उभा होता. एक हंगाम वाईट गेला, की पुढच्या हंगामाचा पाया खचायचा. ब्रॅबमच्या कारखान्यातून मात्र रविवारी काहीही झालं तरी सोमवारी कुणाच्या तरी फॉर्म्युला थ्रीच्या गाडीचे सुटे भाग जातच राहिले.

आता तुझा मुख्य आक्षेप, १९६६चा. त्या वर्षी नियम बदलले. इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटर झाली. कोव्हेंट्री क्लायमॅक्सनं माघार घेतल्यामुळे बऱ्याच इंग्लिश संघांना इंजिनच उरलं नाही. बीआरएमनं १६ सिलिंडरचं, एच आकाराचं अवजड इंजिन बांधायला घेतलं. कूपरनं मासेरातीचं व्ही-१२ घेतलं. फेरारीकडे स्वतःचं व्ही-१२ होतंच. ब्रॅबम गेला मेलबर्नच्या रेप्को या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडे. जनरल मोटर्सनं सोडून दिलेल्या ओल्ड्समोबिल व्ही-८च्या ॲल्युमिनियम ब्लॉकवर फिल आयर्विंग या इंजिनिअरनं साधं इंजिन उभं केलं. त्याची ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती, म्हणजे फेरारीपेक्षा बरीच कमी. पण ते हलकं होतं, पेट्रोल कमी पीत होतं आणि मुख्य म्हणजे वेळेत तयार होतं. ३ जुलैला फ्रान्समध्ये रीम्सला, आणि मग ब्रँड्स हॅच, झांडफोर्ट, नुर्बुर्गरिंग असे सलग चार विजय त्याला मिळाले. बाकीच्यांची तयारी नव्हती हे खरं आहे. पण सर्वांना एकच मुदत मिळाली होती, आणि मुदतीत काय बांधून होईल याचा अचूक अंदाज बांधणं हेच तर मालकाचं काम असतं. शिवाय फेरारीची तयारी होती. पण त्यांचा ड्रायव्हर जॉन सर्टीज आणि फेरारी यांचा हंगामाच्या मध्यावर बेबनाव झाला आणि सर्टीज कूपरकडे गेला. म्हणजे सर्वांत बलाढ्य संघाचं बळ कमी केलं ते त्यांच्याच अंतर्गत भांडणानं. हा नशिबाचा भाग मानला, तरी ब्रॅबमच्या संघात तसं भांडण का झालं नाही, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर १९६५च्या शेवटी घडलेल्या एका बदलात आहे असं मला वाटतं. तोवर फॉर्म्युला वनचा संघ ब्रॅबमच्या वेगळ्या कंपनीचा होता आणि ती कंपनी भागीदारीतल्या कारखान्याकडून गाड्या विकत घेई. ग्रां प्रीच्या यशात टॉरनॅकचा वाटा गाड्या विकणाऱ्याइतकाच होता आणि त्याचा त्यातला रस कमी होत चालला होता. १९६६पासून तो ग्रां प्री संघातही भागीदार झाला. गाडीवर त्याचं अक्षर पहिल्यापासून होतं, हक्क मात्र पाच वर्षांनी मिळाला. ब्रॅबमलाही हे एका दमात उमगलं नाही, हे मी कबूल करतो. पण तो हक्क दिला गेला त्याच वर्षी विजेतेपद आलं. तेवढ्यानंच ते आलं असं मी म्हणणार नाही, रेप्कोचं इंजिन त्याच वर्षी आलं होतं. तरीही हा योगायोग सोडून देण्याइतका किरकोळ नाही.

आणि नशिबाचा मुद्दा पुरता कोसळतो तो १९६७ साली. त्या वर्षी ४ जूनला झांडफोर्टला लोटस ४९ मैदानात उतरली, फोर्डचं कॉसवर्थ इंजिन घेऊन, आणि जिम क्लार्कनं पहिलीच शर्यत जिंकली. आता सबब उरली नव्हती. प्रतिस्पर्धी तयार होता, अधिक वेगवान होता आणि त्याच्याकडे त्या पिढीतला सर्वोत्तम ड्रायव्हर होता. क्लार्कनं त्या हंगामात चार शर्यती जिंकल्या. डेनी हल्मनं ब्रॅबमच्या गाडीतून दोनच जिंकल्या, पण विजेतेपद हल्मला मिळालं, दुसरं स्थान ब्रॅबमला आणि तिसरं क्लार्कला. साधी, टिकाऊ गाडी बांधायची आणि प्रत्येक शर्यत पुरी करायची, हे धोरण अधिक वेगवान गाडीपुढेही टिकलं. हल्म कोण होता ते लक्षात घे. न्यूझीलंडहून आलेला हा माणूस ब्रॅबमच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून राबला होता. मालक स्वतः तशाच गाडीत, त्याच विजेतेपदासाठी झगडत होता. संघात नवे सुटे भाग आले, की ब्रॅबम ते आधी आपल्या गाडीला लावून पाही, आणि ते निकामी झाले की गुण जात ते त्याचेच. मेक्सिकोच्या शेवटच्या शर्यतीत क्लार्क पहिला, ब्रॅबम दुसरा, हल्म तिसरा. तिसऱ्या क्रमांकानं हल्मचं काम झालं. मालक आणि ड्रायव्हर एकच असला की तो स्वतःची गाडी सरस ठेवणार, हा संशय सगळीकडे घेतला जातो आणि बहुतेक ठिकाणी तो रास्तही असतो. इथे धोका मालकानं स्वतःकडे घेतला होता आणि जगज्जेतेपद पगारी ड्रायव्हरकडे गेलं.

तू सर्टीजचं उदाहरण पुढे करशील, म्हणून त्याचाही विचार करतो, कारण माझ्या म्हणण्याला खरा धोका प्रोस्टपेक्षा त्याच्याकडून आहे. सर्टीज हाताला तेल-ग्रीस लागलेला माणूस होता. व्हिन्सेंट मोटारसायकलच्या कारखान्यात उमेदवारी केलेला, मोटारसायकल आणि मोटार या दोन्ही शर्यतींत जगज्जेता झालेला एकमेव. त्याचा फॉर्म्युला वनचा संघ १९७० ते १९७८ चालला. तो गाड्या विकतही असे, आणि १९७२ साली माइक हेलवुड त्याच्याच गाडीतून युरोपचा फॉर्म्युला टूचा विजेता झाला. तरीही जागतिक स्पर्धेची एकही ग्रां प्री त्या संघाला जिंकता आली नाही. म्हणजे वर्कशॉपचा अनुभव आणि विक्रीचा आधार एवढ्यानं भागत नाही. बरोबर. सर्टीजकडे नव्हता तो टॉरनॅक, म्हणजे मालकाला 'नाही' म्हणू शकणारा बरोबरीचा माणूस. प्रत्येक नट-बोल्टवर सर्टीजची नजर असे. ड्रायव्हर म्हणून ही वृत्ती त्याला कामी आली, मालक झाल्यावर तिनंच त्याचे हात बांधले. सर्टीजचं अपयश माझा मुद्दा खोडत नाही, तो नेमका कुठे आहे हे दाखवतं.

जॅकी स्ट्युअर्ट या आणखी एका जगज्जेत्याचं थोडक्यात सांगतो. १९९७ साली त्यानं मुलगा पॉल याच्यासह संघ उतरवला, पण त्याआधी पॉलचा संघ खालच्या फॉर्म्युल्यांत वर्षानुवर्षं शर्यती जिंकत होता. प्रोस्टसारखं तयार घर विकत घेतलं नव्हतं. २६ सप्टेंबर १९९९ला नुर्बुर्गरिंगच्या पावसात स्ट्युअर्टच्या संघाचा जॉनी हर्बर्ट पहिला, प्रोस्टच्या संघाचा यार्नो त्रुली दुसरा आणि पुन्हा स्ट्युअर्टचा रुबेन्स बारिकेलो तिसरा आला. तिन्ही जागा माजी जगज्जेत्यांच्या संघांनी घेतल्या. तोवर स्ट्युअर्टनं संघ फोर्डला विकून टाकला होता. प्रोस्ट मात्र संघाला धरून राहिला, आणि बुडाला.

ब्रॅबमच्या बाजूनं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही. १९६८ साली रेप्कोनं साधेपणा सोडून चार कॅमशाफ्टचं इंजिन आणलं आणि ते सतत मोडत राहिलं. योहेन रिंटसारखा ड्रायव्हर हाताशी असून त्याला त्या हंगामात दोनच शर्यती पुऱ्या करता आल्या, आणि वर्षाअखेर तो लोटसकडे गेला. आपल्या यशाचं मूळ कशात आहे हे ब्रॅबमचा संघही विसरू शकत होता, आणि विसरल्यावर निकाल तत्काळ लागला. पण पुढचं पाऊल पाहा. १९७० साली, वयाच्या ४४व्या वर्षीही तो जिंकू शकत होता. किआलामीची शर्यत त्यानं जिंकलीही. मोनॅकोला शेवटच्या वळणावरच्या चुकीनं आणि ब्रँड्स हॅचला पेट्रोल संपल्यानं आणखी दोन विजय हातचे गेले. तरीही वर्षाअखेर त्यानं आपला हिस्सा टॉरनॅकला विकला आणि तो ऑस्ट्रेलियाला परतला. टॉरनॅकनं पुढे कंपनी बर्नी एक्लस्टनला विकली.

इथे तू म्हणशील की नंतरचं वैभव एक्लस्टनचं, ब्रॅबमचं त्यात काय? एक्लस्टनचं श्रेय मी काढून घेत नाही. पण जी संस्था संस्थापकानं सोडून दिल्यावर दुसऱ्याला चालवता येते, ती बांधणारा मालक उत्तमच म्हटला पाहिजे. प्रोस्टच्या आणि सर्टीजच्या संघांबद्दल हे म्हणता येत नाही. नेल्सन पिके १९८१ आणि १९८३ साली ब्रॅबमच्या गाडीतून जगज्जेता झाला, तेव्हा बी आणि टी या दोघांपैकी कुणीही त्या कारखान्यात नव्हतं. त्या गाड्यांची नावं मात्र बीटी-४९सी आणि बीटी-५२ अशीच होती.

सर्टीजबद्दल तुझ्याकडे वेगळा पुरावा असेल तर सविस्तर लिही. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
स्नेहांकित मित्र