परसातली फरशी

मुलांनो, पावसाळ्यात आमच्या परसात नुसता राडा व्हायचा. गेल्या वर्षी सासूबाई भांडी घासायला गेल्या आणि सटकन घसरल्या. मनगटाला प्लास्टर! यंदा फरशी घालायचीच ठरवलं, पण गवंड्याची मजुरी परवडेना.

शेजाऱ्यांनी काढलेली जुनी शहाबादी फरशी मागून आणली. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि माझा मुलगा कामाला लागलो. जागा ८ फूट बाय १० फूट. कोपरा काटकोनात हवा, म्हणून दोरीला ३, ४ आणि ५ फुटांवर खुणा करून त्रिकोण ताणला. पायथागोरस असा परसातही भेटतो बरं! मुरूम ४ इंच, म्हणजे साधारण २७ घनफूट. पाव ब्रासहून थोडा जास्त. पाणी मारून तो धुम्मसानं ठोकला. वर वाळू, वाळूवर फरशा, खडबडीत बाजू वर. सांध्यांतही वाळूच, म्हणजे थोडं पाणी जमिनीत मुरतं.

खरी गंमत ढाळाची. भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत २ इंच उतार हवा, नाहीतर पाणी घराकडंच येतं. पारदर्शक नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीत राहतं; त्यावरून उतार मोजला.

जूनमध्ये पहिली सर आली. सासूबाईंनी आधी पाय दाबून फरशी हलते का पाहिलं, मग भांड्यांची पाटी खाली ठेवली.