गोळी तीच, वेळ तीच, मग आईचं रक्त का बिघडलं?

मंडळी, आज राजकारण नाही, खड्डेही नाहीत. आईच्या गोळ्यांबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण घरात कुणाला संधिवात असेल तर वाचाच.

आई सरळगावजवळ राहते, मी शहापुरात. तिच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, म्हणून रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिनची गोळी रोज. त्यात आमवात. जन्म भाताच्या लावणीत वाकून गेला म्हणून सांधे दुखतात, असंच आम्ही कित्येक वर्षं धरून चाललो. बोटं सुजून भाकरी थापता येईना तेव्हा कळलं, हे दुखणं वेगळं. मेथोट्रेक्सेटने भागलं नाही, मग मुंबईच्या डॉक्टरांनी टोसिलिझुमॅब सुरू केलं. दर चार आठवड्यांनी एक सलाईन. नाव ओळखीचं वाटतंय ना? कोविडमध्ये ज्याच्यासाठी लोक मेडिकल पालथी घालत होते तेच हे. भावाच्या कंपनीचा विमा होता म्हणून जमलं, नाहीतर आपल्या आवाक्यातलं नाही.

दुसऱ्या सलाईननंतर आई चुलीपुढे भाकरी थापायला बसली. आम्ही खूश. आणि त्याच महिन्यात तिचा आयएनआर आला १.६. तिला डॉक्टरांनी अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलंय. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरायची भीती.

मी आईवरच उखडलो, "गोळी विसरलीस ना?"
"अरे, पाकीट मोज की."
मोजलं. एक गोळी इकडची तिकडे नव्हती. लाज वाटली.

झालं होतं असं. सांधे सुजलेले असतात तेव्हा रक्तात इंटरल्युकिन-६ नावाचा पदार्थ वाढतो. तो यकृताला जाऊन सांगतो, सूज आहे, तिकडचं काम बघ. मग औषधं मोडणारी यकृतातली एन्झाइम, सायटोक्रोम पी४५० म्हणतात ती, मंदावतात. गोळी अंगात जास्त वेळ राहते. आईचा डोस ठरला तो अशा सुजलेल्या अंगावर. टोसिलिझुमॅबने इंटरल्युकिन-६ चं तोंड बंद केलं, यकृत पुन्हा जोमाने कामाला लागलं आणि तीच गोळी लवकर मोडायला लागली. म्हणजे औषधाने काही बिघडवलं नाही. आई बरी झाली, म्हणून डोस कमी पडला!

हे एकट्या आईचं नाही. संधिवाताच्या रुग्णांना सिमव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी देऊन तपासलं, तर टोसिलिझुमॅबच्या एकाच डोसनंतर आठवड्याने तिचं रक्तातलं प्रमाण ५७ टक्क्यांनी उतरलं होतं. औषधाच्या माहितीपत्रकात हे छापलेलं आहे. वॉर्फरिनवाल्यांवर लक्ष ठेवा, असंही आहे. आम्हाला कुणी बोललं नाही. सांध्यांचे डॉक्टर एकीकडे, हृदयाचे दुसरीकडे, दोघांच्या फाइली वेगळ्या. दोन्ही फाइली एकत्र बघणारं माणूस एकच, आई. आणि तिला वाचता येत नाही.

(कुणी म्हणेल, मग साधी डायक्लोफेनॅक बरी. नाही हो. वॉर्फरिनवर असताना ती मनाने घेऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.)

आता वॉर्फरिन वाढवलंय, आयएनआर २.७ वर आलाय. पण प्रत्येक तपासणीला आई एसटीने कल्याणला जाते. अख्खा दिवस जातो. मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुक्यांच्या ठिकाणी आयएनआर सरकारी दवाखान्यात होऊन रिपोर्ट त्याच दिवशी हातात मिळावा, एवढी मागणी मी लेखी देणार आहे. सही करायची असेल त्यांनी खाली नाव टाका.

मला घाई आहे, कारण भावाचा विमा मार्चमध्ये संपतो. सलाईन थांबलं की औषधाचा परिणाम काही आठवडे राहतो, मग ओसरतो. सूज परत आली की यकृत पुन्हा मंदावणार, आणि आज वाढवलेला डोस तिला जास्त व्हायला लागणार. तेव्हा तर दर आठवड्याला रक्त बघावं लागेल.